सरपंच झाला, पण कुणी केला? इंग्रजीच्या अभ्यासक्रमवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय इंग्रजीचा अभ्यासक्रम ठरवणारे, व्याकरणाची पुस्तकं लिहिणारे आणि प्रश्नपत्रिका काढणारे सर्व मान्यवर यांस,

विषय : माणूस नव्या पदावर, नव्या कामावर किंवा नव्या नात्यात जातो, ते इंग्रजीत सांगायला शिकवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न आहे, शाळांच्या पटाचा प्रश्न आहे, आणि हा बाबा क्रियापदांवर खुलं पत्र लिहितोय. लिहितोय खरा. अंबाजोगाईत माझं डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नर्सिंग झालेल्या मुली, डीएड झालेली पोरं, आयटीआयवाले, फार्मसीवाले हाताने लिहिलेला बायोडाटा घेऊन येतात आणि ‘सर, जरा इंग्रजी बघून घ्या’ म्हणतात. सर म्हणायचं कारण, दुकान टाकायच्या आधी काही वर्षं मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचो. म्हणजे ह्या लेकरांचं इंग्रजी वर्गात कसं असतं आणि पोटापाण्याच्या कागदावर कसं उतरतं, हे दोन्ही मी बघितलंय.

नुकताच आलेला एक कागद सांगतो. केजकडची मुलगी, स्टाफ नर्स. अक्षर मोत्यासारखं, स्पेलिंगला बोट ठेवायला जागा नाही. ‘अनुभव’ ह्या मथळ्याखाली तिने लिहिलेलं : ‘आय अपॉइंटेड अ‍ॅज स्टाफ नर्स इन २०२१. आय ट्रान्सफर्ड टू आयसीयू. आय प्रमोटेड अ‍ॅज इन्चार्ज सिस्टर.’ तीन पायऱ्या चढलेली मुलगी आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्याला पहिल्या वाक्यातून कळतं ते असं, की हिने कुणाला तरी नेमलं. कुणाला, ते लिहायचं राहिलं. तिसऱ्या वाक्यात हिने कुणाला तरी बढती दिली. मधलं वाक्य तेवढं तरून जातं, कारण ‘ट्रान्सफर’ हे क्रियापद इंग्रजीत दोन्ही बाजूंनी चालतं. बाकी दोन वाक्यांत ती स्वतःच्याच नोकरीची मालकीण होऊन बसली आहे. स्पेलिंग बरोबर असल्यामुळे लाल रेघ येत नाही, आणि लाल रेघ नाही म्हणजे सगळं ठीक, असं पोरं धरून चालतात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ही मुलगी त्यानंतरची. म्हणजे नर्सिंगला जायच्या आधी बारा वर्षं तिने इंग्रजी विषय घेतला, पास केला. तरी स्वतःची नेमणूक सांगता येत नाही. हा दोष तिचा आहे असं मला वाटत नाही.

चूक कुठून येते ते शोधायला लांब जावं लागत नाही. आपण घरी काय म्हणतो? नेमणूक झाली. निवड झाली. बदली झाली. बढती झाली. मी भरती झालो, रुजू झालो, कायम झालो. नेमणारा, निवडणारा, बदली करणारा वाक्यात कुठेच नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. पेपरवाले तर एक पाऊल पुढे. अमुक यांची महामंडळावर ‘वर्णी लागली’, तमुक यांच्या गळ्यात अध्यक्षपदाची ‘माळ पडली’. माळ आपली आपणच पडते, घालणाऱ्याचं नाव बातमीच्या शेवटी कुठेतरी. ह्या बोलीत वाढलेलं लेकरू ‘नेमणूक झाली’ला ‘अपॉइंट’ हा शब्द बसवतं आणि पुढे जातं. शब्द अगदी बरोबर आहे. पण ‘अपॉइंट’ ह्या क्रियापदाच्या कर्त्याच्या जागी नेमणारा बसतो. त्याला वाक्यातून बाहेर ठेवायचं तर नेमलेल्या माणसाला त्या जागी आणून मध्ये ‘वॉज’ घालावा लागतो. हा एवढा ‘वॉज’ हरवला की सगळं उलटं होतं.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही पॅसिव्ह व्हॉइसमध्ये शिकवतोच. शिकवता. पण कशावर? राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो. मांजर उंदीर मारतं, मांजराकडून उंदीर मारला जातो. उभ्या जन्मात कुणाला आंब्याच्या बाजूने बोलायची पाळी येत नाही. इंग्रजीत ह्या रचनेची खरी गरज माणसाला लागते, आणि तीही नेमकी त्याचं पद बदलताना : नेमला गेला, निवडला गेला, बढती दिली गेली, निलंबित केला गेला. तलाठी निलंबित झाला हे ‘द तलाठी सस्पेंडेड’ असं लिहिलं, की तो तलाठीच साहेब होऊन दुसऱ्या कुणाला तरी घरी बसवतो. ही वाक्यं पोरांच्या घरात रोज बोलली जातात. ती सोडून आंबा कशाला?

आणि मजा म्हणजे मराठीत ह्याला तोडीस तोड रचना आहे, फक्त ती घरात नसते, ऑर्डरवर असते. ‘आपली शिक्षण सेवक या पदावर तात्पुरत्या स्वरूपात नियुक्ती करण्यात येत आहे.’ पेढे वाटताना ‘नेमणूक झाली’, ऑर्डरवर ‘करण्यात येत आहे’. ह्या दुसऱ्या वाक्यात कुणीतरी सही करणारा आहे, त्याचा वास येतो. वर्गात मी सांगायचो, इंग्रजीत नोकरीबद्दल लिहिताना पेढ्यांचं मराठी डोक्यात आणू नका, ऑर्डरचं आणा. ‘आय वॉज अपॉइंटेड’ लगेच जमायचं. पुस्तकात हे कुठे सापडलं नाही म्हणून सांगतो.

पण माझी खरी तक्रार त्याच्यापुढची आहे. ‘झाले’ ह्या एका शब्दात मराठी जे सामावून घेते, ते इंग्रजी वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून टाकते. शिवराज पाटील चाकूरकरांचंच बघा. लातूरचे नगराध्यक्ष झाले, आमदार झाले, १९८० साली पहिल्यांदा खासदार झाले, १९९१ मध्ये लोकसभेचे सभापती झाले, २००४ मध्ये केंद्रीय गृहमंत्री झाले, २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. मराठीत सहा वेळा ‘झाले’ लिहिलं, कुठे काही खटकलं नाही. इंग्रजीतही सहाही ठिकाणी ‘बिकेम’ घालता येतं, वाक्य चुकत नाही, आणि म्हणूनच पोरं तेवढंच घालतात. पण चांगला इंग्रजी लिहिणारा तसं करत नाही. खासदारकीला तो ‘वॉज इलेक्टेड टू द लोकसभा’ म्हणतो, कारण तिथे लातूरच्या मतदारांनी पाठवलं. सभापतिपदाला ‘वॉज इलेक्टेड स्पीकर’, इथे मत सभागृहाचं, लातूरकरांचं नाही. गृहमंत्रिपदाला ‘इलेक्टेड’ चालतच नाही. २००४ ला ते लातूरमधून लोकसभेला हरले होते, तरी गृहमंत्री झाले. इथे ‘वॉज अपॉइंटेड’ म्हणायचं, किंवा बोलीत ‘वॉज मेड होम मिनिस्टर’. राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात, म्हणून पुन्हा ‘वॉज अपॉइंटेड’. क्रियापद बघूनच वाचणाऱ्याला कळतं, खुर्ची जनतेने दिली, सभागृहाने दिली की दिल्लीने. ‘बिकेम’ त्याला ह्यातलं काहीच सांगत नाही. कधीकधी नेमकं तेच हवं असतं, पण मग ते ठरवून लिहिलेलं असावं, दुसरं येत नाही म्हणून नको.

आपल्या भागाचा इतिहास ह्या दृष्टीने वाचायला घेतला तर पोरांना व्याकरण आणि नागरिकशास्त्र एकाच तासात शिकवता येईल. १७ सप्टेंबर १९४८, निजामाची राजवट संपली तो दिवस, आपल्याकडे शाळेच्या पोराला पाठ असतो. त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. २६ जानेवारी १९५० ला निजाम मीर उस्मान अली खान राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारख्या पदावर, झाले आणि वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. १९५२ मध्ये बुरगुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. आता ह्या दोन मुख्यमंत्र्यांकडे बघा. वेल्लोडी हे सनदी अधिकारी, केंद्राने नेमलेले. रामकृष्ण राव निवडणुकीनंतर आलेले. पहिल्यासाठी ‘वॉज अपॉइंटेड चीफ मिनिस्टर’, दुसऱ्यासाठी तेच क्रियापद घटनेच्या भाषेत खोटं नाही, कारण मुख्यमंत्र्याची नियुक्ती कागदावर होतेच, पण सांगण्यासारखी गोष्ट ती नाही. तिथे ‘बिकेम द फर्स्ट इलेक्टेड चीफ मिनिस्टर’ म्हणायचं. मराठीत दोघांनाही ‘झाले’ म्हटलं की दोन वर्षांत राज्य कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, हे वाक्यातून निसटतं. ते परिच्छेदात वेगळं सांगावं लागतं.

त्याच निजामाचं १९११ सालचं वाक्य इंग्रजी पुस्तकांत असं असतं : ‘ही सक्सीडेड हिज फादर अ‍ॅज निजाम.’ मी वर्गात हे फळ्यावर लिहून अर्थ विचारायचो. ‘तो वडील म्हणून यशस्वी झाला’ हे उत्तर ठरलेलं. पोरांना ‘सक्सेस’ पाठ असतो, गादीवर बसणारा ‘सक्सीड’ माहीत नसतो. आणि ह्या क्रियापदाची दिशाही अवघड आहे. नवा माणूस कर्ता, जुना माणूस कर्म, पद ‘अ‍ॅज’च्या मागे. ‘रिप्लेस’चंही तसंच. ‘नव्या बीडीओंनी जुन्यांना रिप्लेस केलं’ हे लिहिताना निम्मे विद्यार्थी जुन्याला कर्ता करतात, कारण मराठीत आपण ‘त्यांच्या जागी हे आले’ म्हणतो आणि बोलताना आधी जुना माणूस येतो.

स्वामी रामानंद तीर्थांचं उदाहरण मात्र ‘बिकेम’साठी राखून ठेवावं. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, पुढे आमच्या अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत आले. मुख्याध्यापक कुणीतरी नेमतो. संन्यासी कुणी नेमत नाही. दीक्षा गुरू देतो, पण संन्यासी होणं स्वतःचं. ‘ही बिकेम अ संन्यासी’ इथे ‘बिकेम’ला दुसरं कुठलंच क्रियापद धक्का देऊ शकत नाही.

ह्या वाक्यात ‘अ’ आहे, तो बघितलात? आता त्याच्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त लाल शाई तिथे सांडते आणि सगळ्यात कमी समजावून सांगितलं जातं. ‘अ, अ‍ॅन, द योग्य ठिकाणी भरा’ हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या देतोय. पोरांना नियम माहीत आहे : स्वर आला की ‘अ‍ॅन’, सूर्य-चंद्र आले की ‘द’. पण पदाच्या आधी काय? ‘ही बिकेम टीचर’ चूक, ‘ही बिकेम अ टीचर’ बरोबर. आणि ‘शी वॉज इलेक्टेड सरपंच’ बरोबर, तिथे ‘अ’ नको. का? शिक्षक लाखो आहेत, त्यातला हा एक झाला. गावाला सरपंच एकच असतो, खुर्ची एक, म्हणून मोकळं सोडायचं, किंवा फार तर ‘द’ लावायचा. ‘अ सरपंच’ म्हटलं की वाक्य मोडत नाही, पण गाव सुटतं. देशभरच्या सरपंचांपैकी ती एक झाली, एवढाच अर्थ उरतो. ग्रामपंचायतीचा सदस्य मात्र ‘अ मेंबर’, कारण सदस्य बरेच. १९८१ ला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडच्या वकील मंडळींच्या तोंडी हा फरक रोजचा आहे : ‘अपॉइंटेड अ जज’, पण ‘अपॉइंटेड चीफ जस्टिस’. खुर्च्या किती आहेत ते मोजा आणि ‘अ’ ठरवा, हे एक वाक्य सांगितलं तर आठवीतलं पोर पुन्हा चुकत नाही. मी बघितलंय.

ह्यातलीच एक गंमत. एका घरातले तिघं पाळीपाळीने सरपंच झाले तर इंग्रजीत ‘थ्री ऑफ देम बिकेम सरपंच’. माणसं तीन, पद एकवचनीच. आणि तेच तिघं शिक्षक झाले तर ‘बिकेम टीचर्स’. असली घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, उदाहरणाला तोटा नाही.

अर्थात ही मोकळीक फक्त वाक्याच्या त्या टोकाला, क्रियापदानंतर. तोच सरपंच कर्ता होऊन बोलायला लागला की ‘द सरपंच सेड’. पोरं एकदा शिकली की सगळीकडेच ‘द’ काढून टाकतात, तेवढं सांभाळावं लागतं.

आता ‘चेंज द व्हॉइस’. ‘दे गेव्ह हिम अ बुक’ ह्या वाक्याला दोन कर्मं आहेत, कुठलंही एक पुढे आणा, दोन्ही उत्तरं बरोबर, असं आपण शिकवतो. चांगलं आहे. मग पोरापुढे ‘दे मेड हिम चेअरमन’ येतं. त्यालाही क्रियापदानंतर दोन नामं दिसतात. तो ‘चेअरमन वॉज मेड हिम’ असं लिहून मोकळा होतो. शून्य मार्क. का शून्य, ते त्याला कुणी सांगत नाही. खरं तर ‘दे मेड हिम अ चेअर’ आणि ‘दे मेड हिम चेअरमन’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली की काम झालं. पहिल्यात सुतारकाम आहे, खुर्ची आणि माणूस वेगवेगळे. दुसऱ्यात साखर कारखान्याचं राजकारण आहे, माणूस आणि चेअरमन एकच. एकाच माणसाची ती दोन नावं. त्यातलं पदाचं नाव कर्म नव्हेच, त्यामुळे ते पुढे येऊन कर्ता होऊ शकत नाही. ‘ही वॉज मेड चेअरमन’ एवढं एकच उत्तर. आणि ‘ही बिकेम चेअरमन’ला तर पॅसिव्ह नाहीच, कारण तिथे कुणी कुणाला काही करत नाही. क्रियापदानंतर नाम दिसलं की ते कर्मच, हा समज एकदा मोडला पाहिजे. तो मोडायला पदाच्या वाक्यांइतकी सोपी वाक्यं दुसरी नाहीत.

पुढचा मुद्दा ‘अ‍ॅज’चा, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, रागवू नका.

मराठी ‘म्हणून’ला इंग्रजी ‘अ‍ॅज’ हे समीकरण पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे ‘कॅप्टन म्हणून केलं’ असं काही मराठीत नसतानाही ‘मेड हिम अ‍ॅज कॅप्टन’ लिहिलं जातं, ‘बिकेम अ‍ॅज अ टीचर’ लिहिलं जातं. ‘मेक’ आणि ‘बिकम’ला ‘अ‍ॅज’ चालत नाही. ‘अपॉइंट’ आणि ‘इलेक्ट’ला चालतो, नाही घातला तरी चालतं. ‘सिलेक्ट’ला लागतोच. ‘प्रमोट’ला ‘टू’ लागतो, आपल्याकडे ‘प्रमोटेड अ‍ॅज’ इतकं रुळलंय की सरकारी कागदांतही दिसतं, तरी बाहेर गेल्यावर तो कानाला खटकतो. हे पाठांतराचं काम आहे, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

बोलण्यासारखं आहे ते वेगळं. ‘अ‍ॅज’ माणसाला काम देतो, पद देईलच असं नाही. ‘शी इज सरपंच’ आणि ‘ही अ‍ॅक्ट्स अ‍ॅज सरपंच’. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, आणि सरपंचपती हा शब्द मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निवडून आली ती, खुर्चीत बसतो हा. इंग्रजीत हे दोन अर्ध्या वाक्यांत स्वच्छ दिसतं : ‘शी वॉज इलेक्टेड सरपंच, बट हर हजबंड अ‍ॅक्ट्स अ‍ॅज सरपंच.’ प्रभारी मुख्याध्यापकांचंही तेच. मुख्याध्यापकाचं काम करतात, मुख्याध्यापक केलेलं नाही. त्यांना ‘अ‍ॅक्टिंग हेडमास्टर’ म्हणतात, आणि पोरांना वाटतं गुरुजी नाटकात आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर ‘आय वर्क्ड अ‍ॅज अ लेक्चरर’ हे मी लिहू शकतो. ‘आय वॉज अपॉइंटेड लेक्चरर’ हे लिहू शकत नाही, कारण नेमलं कधीच नाही. तासाप्रमाणे बिल निघायचं, तेही वर्षअखेरीला. मराठवाड्यातल्या कॉलेजांत माझ्यासारखे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आमच्या बायोडाटातला तो ‘अ‍ॅज’ काढून घेतला तर काही उरत नाही. असो.

काळाचंही थोडं. ‘मी २०१५ पासून शिक्षक आहे’ ह्याचं ‘आय अ‍ॅम टीचर सिन्स २०१५’ होतं, आणि जरा हुशार पोर असेल तर ‘आय हॅव बिकम टीचर सिन्स २०१५’. ‘बिकम’ हा एका क्षणाचा मामला आहे, त्याला ‘सिन्स’ जोडता येत नाही. झालो त्या दिवसासाठी ‘बिकेम’, त्यानंतरच्या सगळ्या वर्षांसाठी ‘हॅव बीन अ टीचर’. एवढंच.

‘टर्न’ची एक तऱ्हा आहे, ती कोर्टाच्या बातम्यांतून सगळ्यांना ओळखीची : ‘टर्न्ड अप्रूव्हर’, माफीचा साक्षीदार झाला. इथे खुर्ची एकच नसते, तरी ‘अ’ लागत नाही. ‘टर्न’मध्ये थोडी कलाटणी असते, काल एका बाजूला होता, आज दुसरीकडे. शिक्षक आमदार झाला तर इंग्रजी पेपर ‘टीचर-टर्न्ड-एमएलए’ असा जोडशब्द करतात. मराठीत आपल्याला ‘शिक्षकी पेशातून राजकारणात आलेले’ असं सावकाश बोलावं लागतं. आणि ‘शी विल मेक अ गुड टीचर’ ह्याचा अर्थ ती चांगली शिक्षिका होईल असा आहे. ती कुणाला तरी शिक्षक बनवणार आहे, असं समजणारे मी पदवीच्या वर्गात बघितलेत.

राहिली ती नाती, जिथे कुणी नेमत नाही आणि कुणी निवडत नाही. आई झाली, आजोबा झाले, जावई झाले, इथे ‘बिकेम अ’ सरळ चालतं. पण वाईट वेळ आली की इंग्रजी वेगळं वागतं. नवरा गेलेल्या बाईसाठी ‘शी वॉज विडोड’, आईबाप गेलेल्या लेकरांसाठी ‘दे वेअर ऑर्फन्ड’. नामाचंच क्रियापद केलं, आणि त्याला पॅसिव्ह लावलं. करणारा कोण, ते कधीच सांगायचं नाही, कारण सांगण्यासारखा कुणी नसतो. माझ्या दुकानात शेतकरी आत्महत्येतल्या मदतीची प्रकरणं टाइप करायला बाया येतात. बरोबर दीर असतो, नाहीतर शाळेतली मुलगी. मराठी अर्जात ‘पतीच्या निधनानंतर मी निराधार झाले’ असं असतं. एकदा एका संस्थेला ते इंग्रजीत हवं होतं, आणि बरोबर आलेली नववीतली मुलगी ‘शी बिकेम विडो’ लिहून माझ्याकडे बघत होती. मी तिला ‘अ’ घालायला सांगितला नाही. ‘वॉज विडोड’ लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि ‘म्हणजे हे आईनं केलेलं नाही असं होतं ना सर’ असं विचारलं. होतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल की एवढं शिकवायला वेळ कुठे आहे. नवा धडा मागत नाही. व्हॉइसच्या प्रकरणातला आंबा आणि उंदीर काढा, तिथे नेमणूक, निवड, बदली, बढती, निलंबन घाला. आर्टिकलच्या प्रश्नात सूर्यचंद्रांबरोबर दोन पदं येऊ द्या. उताऱ्यांत परदेशातल्या शास्त्रज्ञांची चरित्रं असतात ती असू द्या, पण एखादं असं चरित्र द्या की ज्यात माणूस आधी सदस्य, मग सभापती, मग आमदार होतो, आणि प्रत्येक वेळी क्रियापद वेगळं येतं. आणि वर्णनात्मक प्रश्नांत नेमणूकपत्र आणि बायोडाटा ठेवा. दहावीनंतर पोरगं इंग्रजीत पहिल्यांदा काही लिहितं ते बहुतेक वेळा हेच असतं.

सरपंचाचा प्रश्न तर तयारच आहे. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० ला ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा जनतेतून. गावात तिन्ही वेळा ‘सरपंच झाला’ एवढंच बोललं गेलं. इंग्रजीत मात्र ‘इलेक्टेड बाय’च्या पुढे काय येतं ते प्रत्येक वेळी बदललं : आधी ‘द पीपल’, मग ‘द मेंबर्स’, मग पुन्हा ‘द पीपल’. ‘बाय’ची जागा पोरांना आंब्यावरून कळत नाही, ह्यावरून लगेच कळेल.

नमुन्यादाखल पाच मार्कांचा एक प्रश्न देतो, पुढच्या पेपरला खुशाल वापरा. खालील बातमी इंग्रजीत लिहा : ‘सोमवारी सरपंचांचा राजीनामा मंजूर झाला. उपसरपंचांकडे पदभार देण्यात आला. त्या २०२१ पासून सदस्य आहेत. त्यांचे पती आधी पोलीस पाटील होते. पुढच्या महिन्यात नवीन सरपंच निवडले जातील.’ मॉडेल आन्सर काढताना तुमच्यात वाद झाला तर कळवा. दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं.

आपला,
तासिका तत्त्वावरचा माजी इंग्रजी शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड